भाऊ अमेरिकेच्या फेडरल तुरुंगात आहे. तो मुदतीआधी सुटू शकतो का?

सांगलीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ ५८ वर्षांचा, तीस वर्षं अमेरिकेत, ग्रीन कार्डवर. मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, खोटी बिलं लावल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. मार्च २०२३ मध्ये ८४ महिन्यांची शिक्षा झाली आणि मे महिन्यापासून तो पूर्व किनाऱ्यावरच्या एका लो सिक्युरिटी फेडरल तुरुंगात आहे. आधीचा एकही गुन्हा नाही. मधुमेह आहे. बायकोशी काडीमोड झालेला. आई ८२ वर्षांची, अर्धांगवायूने अंथरुणावर, ताईंच्याच घरी. ताई विचारतात: पॅरोल किंवा फर्लो कधी मिळेल? आईच्या आजारपणावर सुटका मागता येईल का? खासदारांचं पत्र राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचवलं तर उपयोग होईल का? आणि एक ‘कन्सल्टंट’ तीन महिन्यांत सोडवतो म्हणून बारा हजार डॉलर मागतोय, ते द्यावेत का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: देऊ नका. का, ते पुढे वाचताना कळेलच.

मी न्यूजर्सीत वकिली करते. शिक्षा लागून गेल्यानंतरची कामं, जी बहुतेक वकिलांना नकोशी वाटतात, तीच मी गेली अठरा वर्षं करते आहे. घरच्यांचे फोन येतात ते बहुतेक भारतातल्या तुरुंगाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याकडे कळंब्याच्या कारागृहातल्या कैद्याला संचित रजा मिळते, अभिवचन रजा मिळते, शिक्षेत सूट मिळते, घरात लग्न असलं की अर्ज जातो. अमेरिकेच्या फेडरल व्यवस्थेत पॅरोलच उरलेला नाही. १९८४ च्या कायद्याने तो बंद केला आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून पुढच्या गुन्ह्यांना तो लागू नाही. फर्लो नावाची तरतूद कागदावर आहे, पण ज्याच्या नावावर इमिग्रेशन खात्याचा डिटेनर (सुटल्यावर याला आमच्या ताब्यात द्या, अशी नोटीस) लागलेला आहे अशा परदेशी माणसाच्या वाट्याला ती येत नाही. म्हणजे ‘चांगला वागला म्हणून बोर्डाने अर्ध्या शिक्षेवर सोडला’ हे तुमच्या भावाच्या बाबतीत होणार नाही. बोर्डच नाही.

आहे तो हिशेब. तो नीट मांडला तर खूप काही हाती लागतं, म्हणून आधी वही-पेन घ्या.

८४ महिने म्हणजे सात वर्षं. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेच्या दर वर्षाला ५४ दिवस चांगल्या वर्तणुकीचे मिळतात, म्हणजे ३७८ दिवस, एक वर्ष आणि तेरा दिवस. हे कुणी उपकार म्हणून देत नाही. शिस्तभंगाची कारवाई झाली नाही तर ते मिळतातच. फेडरल तुरुंग चालवणाऱ्या ब्युरो ऑफ प्रिझन्सच्या संकेतस्थळावर त्याचा आठ आकडी रजिस्टर नंबर टाकला की सुटकेची तारीख दिसते. त्या तारखेत हे दिवस आधीच धरलेले असतात. पुष्कळ घरं ते दुसऱ्यांदा वजा करून आनंदात असतात. तसं करू नका.

दुसरी वजाबाकी फर्स्ट स्टेप ॲक्टची. २१ डिसेंबर २०१८ चा हा कायदा. कैद्याने ठरवून दिलेले वर्ग, अभ्यासक्रम, कामं केली तर दर ३० दिवसांमागे १० दिवस क्रेडिट मिळतं. पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याच्या मोजणीत तो ‘मिनिमम’ किंवा ‘लो’ गटात सलग दोन तपासण्यांत राहिला की पुढे १० चे १५ होतात. पहिलाच गुन्हा, हिंसा नाही, वय ५८, त्यामुळे तुमचा भाऊ खालच्या गटातच असणार. काही गुन्ह्यांना हा लाभ नाही आणि त्यांची लांबलचक यादी कायद्यात आहे. आरोग्यविम्याची फसवणूक त्या यादीत नाही. या क्रेडिटमधले जास्तीत जास्त १२ महिने थेट शिक्षेतून वळते होतात. त्यापुढचे दिवस हाफवे हाउस (सुटण्याआधी राहायचं देखरेखीखालचं वसतिगृह) किंवा घरातल्या नजरकैदेसाठी असतात आणि डिटेनर असेल तर ते बहुधा वाया जातात.

म्हणजे सात वर्षांतून ३७८ दिवस गेले, ३६५ गेले, उरली पाच वर्षांना थोडी कमी. अर्ज नाही, वकील नाही, खासदार नाही. कन्सल्टंट नेमकं हेच विकतात, ताई. आपोआप मिळणारी तारीख ‘आम्ही आणली’ म्हणून दाखवतात.

आता यातला पहिला खड्डा. हे १२ महिने शिक्षेतून वळते होतात ते ‘सुपरवाइज्ड रिलीज’ लवकर सुरू करून. म्हणजे सुटल्यावर दोन-तीन वर्षं प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहण्याची जी पुरवणी शिक्षा असते, ती वर्षभर आधी चालू होते. मुळात ती पुरवणी शिक्षा न्यायाधीशांनी दिलेलीच नसेल, तर लवकर सुरू काय करणार? आणि शिक्षेच्या मार्गदर्शिकेत न्यायाधीशांना सूचना होती की, जो देशाबाहेर काढला जाणार आहे अशा माणसाला, कायद्याने सक्ती नसेल तर, सुपरवाइज्ड रिलीज साधारणपणे देऊ नये. शिक्षेच्या दिवशी त्याच्या वकिलाने खूश होऊन सांगितलं असेल, ‘बरं झालं, मागे कटकट नको.’ ती कटकट टळल्याची किंमत एक वर्ष असू शकते. माझ्याकडे आलेल्या तीन-चार घरांना हे शिक्षेनंतर दोन वर्षांनी समजलं.

दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. तुमच्या भावाच्या गुन्ह्यात नुकसान दहा हजार डॉलरच्या वर असणार, नाहीतर ८४ महिने झालेच नसते. दहा हजारांवरची फसवणूक इमिग्रेशन कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ ठरते, आणि मग तीस वर्षांचं ग्रीन कार्डसुद्धा त्याला वाचवत नाही. तुरुंगातून सुटला की तो रस्त्यावर येणार नाही. आइसच्या, म्हणजे हद्दपारी करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या, ताब्यात जाईल आणि तिथून भारतात. हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करा. त्याची मुलगी विमानतळावर फुलं घेऊन उभी राहील, असं मनात धरून कागद लिहू नका.

पण हद्दपारीचा आदेश केव्हा निघतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. नुसता डिटेनर असेल तर फर्स्ट स्टेपचं क्रेडिट वापरता येतं. ब्युरोने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपला नियम बदलला, त्याआधी तेही अडवत होते. हद्दपारीचा अंतिम आदेश झाला की मात्र कायदाच आडवा येतो. क्रेडिट खात्यावर राहतं, वापरता येत नाही, आणि सुटकेची तारीख एका दिवसात वर्षभर पुढे सरकते. काही तुरुंगांत इमिग्रेशनची सुनावणी आतच, व्हिडिओवर घेतात. समोर कागद येतो, कुणीतरी सांगतं, ‘सही कर, लवकर घरी जाशील.’ भाऊ थकलेला असतो, आईचा चेहरा डोळ्यांसमोर असतो, तो सही करतो. लवकर जाण्यासाठी केलेल्या त्या सहीनेच वर्ष वाढतं. ग्रीन कार्डवाल्याला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणीचा हक्क आहे. इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, एवढं त्याला फोनवर सांगा. फोन रेकॉर्ड होतात, पण यात लपवण्यासारखं काही नाही.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत, आणि मला जी वाट सर्वांत आशेची वाटते, ती सांगते.

१ नोव्हेंबर २०२३ पासून मार्गदर्शिकेत एक दुरुस्ती आली, क्रमांक ८२१. ज्याच्या नावावर आधीचा एकही गुन्हा धरला गेला नाही, अशा माणसाची गुन्ह्याची पातळी दोन पायऱ्यांनी खाली येते. ही दुरुस्ती जुन्या शिक्षांनाही लागू केली गेली. तुमच्या भावाची शिक्षा मार्च २०२३ ची, म्हणजे दुरुस्तीच्या आठ महिने आधीची. तेव्हा त्याला हा लाभ मिळणं शक्यच नव्हतं.

दोन पायऱ्या म्हणजे किती? ८४ महिने हा आकडा बघून माझा अंदाज आहे की त्याची पातळी २७ धरली असावी. पहिल्या गुन्ह्याला त्या पातळीवर ७० ते ८७ महिने बसतात. २५ वर आली की ५७ ते ७१. न्यायाधीशांना या दुरुस्तीखाली नव्या पट्ट्याच्या तळाच्या खाली जाता येत नाही (सरकारला केलेल्या सहकार्याबद्दल सूट मिळाली असेल तर गोष्ट वेगळी), पण समजा ६३ केले. सव्वापाच वर्षं. त्यातून वर्तणुकीचे २८३ दिवस, फर्स्ट स्टेपचं एक वर्ष. साडेतीन वर्षांच्या आसपास! तो मे २०२३ मध्ये आत गेला. हिशेब तुम्हीच करा.

अर्थात अटी आहेत. हिंसा, शस्त्र, लैंगिक गुन्हा, मृत्यू किंवा गंभीर इजा, असं काही असेल तर लाभ नाही; इथे तो प्रश्न नाही. कुणा व्यक्तीला स्वतः मोठ्या आर्थिक हालात ढकललं असेल तरी नाही. मेडिकेअरच्या खटल्यांत नुकसान सरकारचं असतं, त्यामुळे ही अट बहुधा आड येत नाही; पण रुग्णांच्या खिशातून पैसे गेले असतील तर सरकारी वकील तेवढंच धरून बसेल. आणि टोळीचा म्होरक्या, सूत्रधार म्हणून त्याला वाढीव गुण दिले असतील, तर दार बंद. क्लिनिकचा मालक तो स्वतः होता की दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये बिलं भरत होता, यावर ते ठरतं.

हे सगळं एकाच कागदात लिहिलेलं असतं: प्रीसेन्टेन्स रिपोर्ट. शिक्षेआधी प्रोबेशन अधिकारी आरोपीची सगळी कुंडली मांडतो ती हीच. पातळी किती, गुण कुठून आले, नुकसान किती, प्रकृती कशी, दारूचं व्यसन होतं का, घरी कोण आहे. तुरुंगातलं त्याचं सगळं आयुष्य त्या कागदावर चालतं, आणि गंमत अशी की त्याची प्रत कैद्याला स्वतःजवळ ठेवता येत नाही. कारण साधं आहे: कोणी पोलिसांना माहिती दिली हे त्यात असतं, आणि कोठडीतले दांडगे नव्या कैद्याकडे तोच कागद आधी मागतात. म्हणून तो रिपोर्ट तुम्ही कुठून मिळवलात तरी त्याला पोस्टाने पाठवू नका. त्याच्या जुन्या वकिलाकडे भावाच्या सहीच्या पत्राने संपूर्ण फाइल मागा. वकिलाचं बिल बाकी असेल तरी मागा. फाइल अशिलाची असते.

आणि त्याच वकिलाला, किंवा ज्या जिल्ह्यात शिक्षा झाली तिथल्या फेडरल डिफेंडर कार्यालयाला (सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणारे वकील) विचारा: ८२१ खाली या माणसाचा अर्ज गेला होता का? काही न्यायालयांनी आपणहून याद्या काढून तपासलं, काहींनी नाही. एकदा नाकारला असेल तर का, ते पाहू. गेलाच नसेल तर अर्ज शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच जातो, तुरुंग ज्या राज्यात आहे तिथे नाही. फी नाही. वॉर्डनला आधी विचारावंही लागत नाही.

मग आई.

आईवडील असहाय झाले आणि त्यांची काळजी घेऊ शकणारा दुसरा कुणीच नसला, तर सुटका मागता येते, हे खरं आहे. नोव्हेंबर २०२३ च्याच दुरुस्तीत हे कारण ‘कम्पॅशनेट रिलीज’च्या, म्हणजे दयेपोटी लवकर सुटकेच्या, यादीत आलं. आधी त्यात अल्पवयीन मुलं आणि जोडीदार एवढेच होते. २०१८ पूर्वी तर हा अर्ज फक्त ब्युरो करू शकत असे. आता कैदी स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. पण तरतुदीतला कळीचा शब्द आहे ‘एकमेव’. आणि ताई, मनाला लावून घेऊ नका, तुमच्या भावाच्या या अर्जातली सर्वांत मोठी अडचण तुम्ही आहात. आई तुमच्या घरी आहे. तुम्ही तिला भरवता, कूस बदलता. सरकारी वकील उत्तरात एकच ओळ लिहील: कैद्याची बहीण सध्या काळजी घेत आहे.

एका घराची गोष्ट सांगते. तीन भावंडं भारतात, चौथा इथे आत. मी सगळ्यांकडून प्रतिज्ञापत्रं मागवली. तिघांनीही अत्यंत मनापासून लिहिलं: आम्ही आईला फुलासारखं जपतो, तिला काही कमी पडू देत नाही. कोर्टात आपलं घर चांगलं दिसावं, हा हेतू. मी ती पत्रं तशीच दाखल केली असती तर खटला त्या फुलातच संपला असता. परत मागवली तेव्हा खरं बाहेर आलं: एकाला डायलिसिस, एक दुबईत ड्रायव्हर, बहिणीच्या सासरी सासऱ्यांना स्मृतिभ्रंश. हे तिघंही लिहायला लाजत होते. आपल्याकडे घरचं गाऱ्हाणं परक्यापुढे मांडत नाहीत, आणि नेमकं तेच इथे मांडावं लागतं. ते करूनही अर्ज फेटाळला गेला, हेही सांगून टाकते. शिक्षा निम्मीसुद्धा झाली नव्हती.

तुमचं स्वतःचं काही असेल, पाठीचं ऑपरेशन, नोकरी, यजमानांचं आजारपण, तर ते लिहा. नसेल तर खोटं लिहू नका. आणि डॉक्टरांचं पत्र घ्याल तर ‘रुग्णास पूर्ण विश्रांतीची आवश्यकता आहे’ हे आपल्या दवाखान्यातलं ठरीव वाक्य नको. अमेरिकन न्यायाधीशाला त्यातून काही कळत नाही. अर्धांगवायू कधी झाला, कोणती बाजू गेली, आई स्वतः उठून बसते का, संडासला कोण नेतं, घास हातात धरता येतो का, गिळताना ठसका लागतो का, चोवीस तासांत किती वेळ माणूस लागतो, आणि यात सुधारणा होईल का. एवढं लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि तारखेसह. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडा.

भावाच्या मधुमेहावर अर्ज? गोळ्यांनी आटोक्यात असेल तर नाही. प्रकृतीच्या कारणासाठी एक तर मरणाच्या वाटेवरचा आजार लागतो, पसरलेला कर्करोग, निकामी झालेला अवयव, असं काही; किंवा स्वतःचं स्वतः करता येत नाही आणि बरं होण्याची आशा नाही; किंवा ज्या खास उपचाराची गरज आहे तो तुरुंगात मिळत नाही आणि त्यामुळे जिवाला धोका आहे. तिसऱ्यावर डोळा ठेवा. पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, क्रिएटिनिन चढत चाललंय, नेफ्रॉलॉजिस्टची तारीख सहा महिने पुढे ढकलली गेली, असं घडलं तर त्याने दर वेळी लेखी मागणी करून ठेवायची आणि आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागून घ्यायची. तोंडी सांगितलेलं न्यायालयाला दिसत नाही.

हा अर्ज कधी केलाच तर पायरी चुकवू नका. आधी वॉर्डनला लेखी विनंती. ती कैद्याने करायची असते, पण त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी नियमाने चालते, म्हणजे सांगलीहून तुम्हीही करू शकता. विनंतीत कारण लिहायचं, आणि सुटल्यावर कुठे राहणार, पोट कसं भरणार, औषधपाणी कोण बघणार, हेही. तुमच्या बाबतीत ‘कुठे’ याचं उत्तर सांगली हेच असणार. ते स्पष्ट लिहा. वॉर्डनला विनंती मिळाल्यापासून ३० दिवस गेले की न्यायालयात जाता येतं, उत्तर येवो न येवो. पोच जपून ठेवा. कैद्याला स्वतः न्यायालयात जाता येऊ लागलं त्या सुरुवातीच्या काळात मी एक अर्ज अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल केला. अशिलाच्या बायकोचा रोज रडत फोन यायचा, मला थांबवेना. सरकारी वकिलाने दिवस मोजून दाखवले, न्यायाधीशांनी अर्ज काढून टाकला, पुन्हा सगळं करण्यात अडीच महिने गेले. तेव्हापासून माझ्या टेबलावर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फाडून ठेवलेली असतात आणि मी तिसावा दिवस लाल पेनाने गोल करते. कालनिर्णयच आहे ते, आई दर डिसेंबरात पाठवते.

न्यायाधीशांना पत्रं लिहायची तर थोडकी आणि खरी. ‘तो निर्दोष आहे, त्याला फसवलं’ हे अजिबात नको. त्याने गुन्हा कबूल केला आहे. घरच्यांनी उलट लिहिलं की न्यायाधीशांना वाटतं, याला अजून पश्चात्ताप नाही. ‘आपण आम्हाला परमेश्वरासमान’ हेही नको. नुकसानभरपाईचे हप्ते तो तुरुंगातल्या कमाईतून भरतोय का, ते विचारा. तीन महिन्यांना २५ डॉलर ही रक्कम हास्यास्पद वाटते, पण न भरल्याची नोंद कागदावर फार वाईट दिसते.

खासदारांचं पत्र. राष्ट्राध्यक्षांना शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे, अर्ज न्याय खात्यातल्या पार्डन ॲटर्नीच्या कार्यालयाकडे जातो, त्याला फी नाही, भाऊ स्वतः भरू शकतो. भरून ठेवायला हरकत नाही, पण त्यावर दिवस मोजू नका. आणि शिक्षा कमी झाली तरी हद्दपारी टळत नाही. खासदारांचं पत्र तिथे कुणी वाचत बसत नाही. खासदारांकडे जायचंच असेल तर दुसऱ्या कामासाठी जा: उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची सोय. भारताचा २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे, आणि अमेरिका आणि भारत दोघेही ज्यात आहेत असा शिक्षेच्या हस्तांतरणाचा आंतर-अमेरिकी करार आहे. त्यात कैद्याची संमती, अमेरिकेच्या न्याय खात्याची मंजुरी आणि आपल्या गृह मंत्रालयाची मंजुरी लागते. फायली दिल्ली-मुंबई-वॉशिंग्टन अशा फिरतात. ज्याची दहा-बारा वर्षं बाकी आहेत त्याने हे करावं. तुमच्या भावाची फाइल अर्ध्या वाटेवर असतानाच तो सुटलेला असेल, असा माझा अंदाज आहे.

जुन्या वकिलाने हद्दपारीबद्दल सांगितलंच नव्हतं, असं भाऊ म्हणत असेल, तर त्या तक्रारीला २०१० च्या पडिला खटल्यापासून वजन आहे खरं. पण अर्जाची मुदत साधारणपणे शिक्षा अंतिम झाल्यापासून एक वर्ष, ती उलटून गेली. त्यात पैसे घालू नका. आणि तुरुंगातला नशामुक्तीचा पाचशे तासांचा कार्यक्रम, ज्याने वर्षभरापर्यंत शिक्षा कमी होते, तो कुणीतरी सुचवेल. भाऊ पिणारा नव्हता. आता पीत होतो म्हणून सांगणं खोटंही आहे आणि प्रीसेन्टेन्स रिपोर्टमध्ये नसल्याने चालणारही नाही. शिवाय डिटेनरवाल्याला त्या कार्यक्रमाचा बाहेरचा टप्पा पुरा करता येत नाही.

क्रेडिट कमी दिलं, तारीख चुकीची लावली, अशी शंका आली तर त्याने केस मॅनेजरकडून ‘टाइम क्रेडिट असेसमेंट’चा छापील कागद घ्यावा. तोंडी भांडण करू नये. तक्रारीच्या फॉर्मांची शिडी आहे: आधी बीपी-८, मग वॉर्डनला बीपी-९, विभागीय कार्यालयाला बीपी-१०, वॉशिंग्टनला बीपी-११. बीपी-९ ला घटनेपासून वीस दिवसांची मुदत असते. हे सगळं चढून झाल्यावर न्यायालय. कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात चुकीच्या तारखा बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर दुरुस्त होतात, कारण तोवर कुणीतरी पहिल्यांदा खरोखर बेरीज करून बघतं.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. भावाचा भारतीय पासपोर्ट शोधा. अटकेच्या वेळी सरकारजमा झाला का, घटस्फोटात बायकोकडे राहिला का, मुदत केव्हाच संपली का? आइसच्या ताब्यात गेल्यावर माणूस कित्येकदा अडकून पडतो तो फक्त प्रवासाच्या कागदासाठी. वकिलातीला नागरिकत्वाची खात्री पटवायला वेळ लागतो. जुन्या पासपोर्टची छायाप्रत, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईच्या रेशनकार्डावरचं त्याचं नाव, जे असेल ते एका पाकिटात घालून ठेवा. शिक्षा वर्षभराने कमी करून घेतली आणि पुढे डिटेन्शन सेंटरमध्ये चार महिने पासपोर्टची वाट बघत बसला, असं मी पाहिलं आहे.

कन्सल्टंटला द्यायच्या पैशांतला थोडा भाग इमिग्रेशनच्या एका चांगल्या वकिलाला द्या, ज्याने फेडरल तुरुंगातल्या लोकांच्या केसेस केल्या आहेत. ८२१ च्या अर्जासाठी आधी फेडरल डिफेंडरला विचारा, बहुतेक ते फुकटात करतील.

आणि भावाचा फोन आला की पंधरा मिनिटांत कट होतो, म्हणून आईची चौकशी संपायच्या आत दोनच गोष्टी विचारून घ्या: जजमेंटच्या कागदावर सुपरवाइज्ड रिलीजपुढे किती वर्षं लिहिली आहेत, आणि इमिग्रेशनच्या कुठल्या कागदावर त्याने आजवर सही केली आहे का. ही दोन उत्तरं मला कळवा, मग पुढचा हिशेब मांडू.